वर्ग, उपवर्ग आणि वारसा

‘वारसा’ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांच्या भाषणातला थोर सांस्कृतिक वारसा. दुसरी, तलाठ्याच्या कार्यालयातली वारसनोंद. ‘वर्ग’ म्हटले की समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला मार्क्स आठवतो आणि उरलेल्यांना हजेरी. गेले दीड वर्ष मी महाविद्यालय सुटल्यावर संगणकाच्या आज्ञावली लिहायला शिकते आहे. तेथे हे दोन्ही शब्द मला एकाच वाक्यात भेटले : हा वर्ग त्या वर्गाकडून वारसा घेतो. संस्कृत घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला असे वाक्य ऐकून स्वस्थ बसवत नाही. वर्गाला वारस कसे असतील? आणि असलेच, तर त्यांच्यात वाटणीवरून तंटे होतात की नाही?

होतात. बहुतेक गमतीचे असतात, क्वचित कोणाच्या पदरचे पैसे घालवणारेही असतात. त्यांची हकीकत कलाशाखेच्या वाचकांना कळेल अशा भाषेत, आज्ञावलीची एकही ओळ न लिहिता सांगावी, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी वर्ग म्हणजे काय ते पाहू. आपल्या ग्रंथालयाची देवघेव सांभाळणारी आज्ञावली लिहायची आहे, असे समजा. जुन्या पद्धतीत एकीकडे माहितीचे तक्ते आणि दुसरीकडे त्या तक्त्यांवर काम करणाऱ्या सूचना, अशी फाळणी असे. वस्तुकेंद्री पद्धतीत, म्हणजे ज्याला ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ म्हणतात त्या पद्धतीत, माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकाच गाठोड्यात बांधतात. कपाटातली एक विशिष्ट प्रत ही झाली वस्तू. तिला दाखल क्रमांक आहे, शीर्षक आहे, ती सध्या कोणाकडे आहे याची नोंद आहे; शिवाय ‘घरी दे’, ‘परत घे’, ‘दंड सांग’ अशा क्रिया तिला करता येतात. अशा सर्व प्रतींचा जो सामाईक नमुना तो वर्ग. प्रवेशअर्जाचा कोरा छापील कागद म्हणजे वर्ग आणि आपण भरून दिलेला एकेक अर्ज म्हणजे वस्तू, असे म्हटले तरी चालेल. फरक एवढाच, की हा अर्ज स्वतः काम करतो.

आता ग्रंथालयात पुस्तके आहेत, नियतकालिके आहेत, चित्रफिती आहेत. प्रत्येकाचा नमुना वेगळा लिहायचा तर निम्मा मजकूर तिन्हीकडे तोच तो येणार. म्हणून ‘वाचनसाहित्य’ असा एक मूळ वर्ग लिहितात आणि ‘पुस्तक हे वाचनसाहित्य आहे, शिवाय त्याला लेखक आहे’, ‘नियतकालिक हे वाचनसाहित्य आहे, शिवाय त्याला अंक आहे’, एवढेच सांगतात. बाकीचे सगळे वरून आपोआप खाली येते. हाच तो वारसा.

या कल्पनेचा जन्म नॉर्वेत झाला. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टन न्यूगोर आणि ओले-योहान दाल हे दोघे १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा घडवत होते. प्रत्यक्ष व्यवहाराची नक्कल संगणकावर करून पाहावी, कोठे रांग साचते, कोठे खोळंबा होतो ते आधीच समजावे, हा तिचा उद्देश. १९६६-६७च्या हिवाळ्यात त्यांच्यापुढे एका पुलाचे उदाहरण होते. पुलाच्या तोंडाशी पथकर नाका, नाक्यापुढे वाहनांची रांग, रांगेत ट्रक आणि बसगाड्या. ट्रकाचे गुणधर्म वेगळे, बसचे वेगळे. पण रांगेत उभे राहायचे तर दोघांनाही ‘माझ्या पुढे कोण, माझ्या मागे कोण’ हे ठाऊक हवे. ही सामाईक माहिती दोन्हीकडे पुनःपुन्हा न लिहिता कशी द्यावी?

इंग्लंडमधील टोनी होअर यांनी नोंदींचे वर्ग आणि उपवर्ग करण्याची एक सूचना त्यापूर्वीच मांडली होती. ती या दोघांनी वाचलेली होती. तिच्या आधारे त्यांना उत्तर सुचले, ते असे : रांगेत राहण्याचा सगळा मजकूर एका वर्गात लिहावा आणि तो ट्रकच्या मजकुराला पुढून जोडावा, बसलाही तोच जोडावा. १९६७च्या मे महिन्यात ओस्लोजवळ लीसेबू येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी आपला निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात वर्ग होता, उपवर्ग होता. वारसा मात्र नव्हता. पुढून जोडायच्या वर्गासाठी त्यांनी जो शब्द वापरला त्याचा अर्थ चक्क उपसर्ग! व्याकरणाच्या विद्यार्थ्यांना यात एक मौज दिसेल. आपल्याकडे ‘हार’ला प्र, आ, वि, सं असे उपसर्ग लागतात तेव्हा मूळ धातू सामाईक राहतो आणि उपसर्ग वेगळेपण आणतो. सिम्युलात नेमके उलटे. तेथे उपसर्ग सामाईक आणि त्याच्या पुढे येणारा भाग वेगळा.

जाता जाता न्यूगोर यांच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. हा मनुष्य नुसता गणिती नव्हता. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याने नॉर्वेतील लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येणारा संगणक कामगारांना स्वतःला समजला पाहिजे आणि त्याविषयी त्यांना मत देता आले पाहिजे, ही त्याची धडपड होती. वर्ग हा शब्द त्याच्या आयुष्यात दोन्ही अर्थांनी आला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे ही कल्पना गावोगाव गेली. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषा तयार झाली. तिच्या १९७२च्या पहिल्या आवृत्तीत वारसा नव्हता, १९७६च्या आवृत्तीत आला. केंब्रिजला सिम्युला वापरलेल्या ब्यार्न स्ट्रुस्ट्रुप यांनी १९७९पासून बेल प्रयोगशाळेत सी भाषेला वर्गांची जोड देण्यास सुरुवात केली. तिचीच पुढे सी प्लस प्लस झाली. वरचा वर्ग आणि खालचा वर्ग अशा नावांनी गोंधळ होतो, म्हणून त्यांनी नवी नावे घेतली. मराठीत सांगायचे तर मूळ वर्ग आणि साधित वर्ग. ‘साधित’ हा शब्द आपल्याला शब्दसिद्धीच्या प्रकरणातून परिचित आहे आणि मला तो वारशापेक्षा पुष्कळ प्रामाणिक वाटतो.

कारण वारसा म्हटले की मनात भलत्या अपेक्षा उभ्या राहतात. वडिलांची जमीन तिघा भावंडांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. येथे मूळ वर्गाला तीन साधित वर्ग असोत की तीनशे, प्रत्येकाला सगळेच्या सगळे मिळते आणि मूळ वर्गाचे काही कमी होत नाही. वारस होण्यासाठी कोणाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. हिंदू कायद्याच्या भाषेत बोलायचे, तर बंगालच्या दायभागाप्रमाणे हा हक्क वडिलांच्या पश्चात मिळत नाही. आपल्याकडच्या मिताक्षरेप्रमाणे जन्मतःच लागतो. इथपर्यंत सारे आनंदाचेच आहे.

अडचण आहे ती दुसऱ्या बाजूला. तलाठी कार्यालयात जाऊन आलेल्या कोणालाही हक्कसोडपत्र म्हणजे काय ते ठाऊक असते. बहिणीने भावाच्या नावे हक्क सोडला, कागद नोंदवला, फेरफार झाला, विषय संपला. (बहिणींनीच तो का सोडावा, हा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे.) साधित वर्गाला मात्र हक्कसोडपत्र करता येत नाही. वरून आलेले सगळे, नको असलेलेही, अंगावर घ्यावेच लागते. आणि मूळ वर्ग जिवंत असतो. त्याच्यात आज एक ओळ बदलली की उद्या सगळ्या वारसांची वागणूक बदलते, त्यांना न विचारता.

मग साधित वर्गाला स्वतःचे असे काहीच करता येत नाही काय? येते. वरून आलेली क्रिया तो आपल्या पद्धतीने पुन्हा सांगू शकतो. ‘दंड सांग’ ही क्रिया मूळ वर्गात रोज एक रुपया म्हणत असेल, तर चित्रफितीचा वर्ग रोज पाच रुपये म्हणू शकतो. हे समजावून घ्यायला संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ओस्लोपर्यंत जावे लागत नाही. सामान्य नियम तो उत्सर्ग आणि विशेष नियम तो अपवाद. दोन्ही लागू पडत असतील तेथे अपवाद उत्सर्गाला बाजूला सारतो, हे पाणिनीय परंपरेत पक्के आहे. महाभाष्यातला तक्रकौंडिण्यन्याय हाच. पंगतीत ब्राह्मणांना दही वाढायचे, कौंडिण्याला मात्र ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच, तेव्हा सामान्य नियमाने त्यालाही दही मिळायला हवे; पण त्याच्यासाठी वेगळे सांगितले असल्यामुळे दही बाजूला राहते आणि ताक येते. न्यूगोर आणि दाल यांनी पतंजली वाचला होता असा याचा अर्थ नव्हे. पूर्वजांना सगळे ठाऊक होते असले निष्कर्ष काढण्याचा मोह येथे आवरलेला बरा. थोडक्यात पुष्कळ सांगू पाहणाऱ्या दोन वेगळ्या माणसांना एकच युक्ती सुचली, इतकेच.

पण याच न्यायात एक बारकावा दडलेला आहे. कौंडिण्याला दही मिळाले नाही, तरी त्याचे पान रिकामे राहिले नाही. वाढप्याला पंगतीत थांबावे लागले नाही. त्याऐवजी ‘कौंडिण्याला उठवा’ असे सांगितले असते तर? तो वाढण्याचा अपवाद झाला नसता. पंगतीचा नियमच मोडला असता.

आपल्या ग्रंथालयात हा प्रसंग कोशांच्या कपाटापाशी येतो. शब्दकोश हे वाचनसाहित्य आहे, यात कोणाला शंका नाही. म्हणून त्याचा वर्ग वाचनसाहित्यापासून साधला. पण शब्दकोश घरी देत नाहीत आणि ‘घरी दे’ ही क्रिया तर वारशाने आलेली. सुटीपूर्वी मोठी यादी घेऊन आज्ञावली प्रत्येक वस्तूला ‘घरी दे’ म्हणत निघाली की शब्दकोशाने काय करावे? मुकाट्याने घरी जावे, तर ग्रंथपालांचा नियम मोडतो. नकार देऊन अडून बसावे, तर यादी अर्ध्यावर थांबते. गेलो म्हणून सांगावे आणि कपाटातच राहावे, तर नोंद खोटी होते. तिन्ही वाटा वाईट. याचा अर्थ असा, की बोलण्याच्या भाषेत शब्दकोश वाचनसाहित्य असला, तरी या आज्ञावलीपुरता तो त्या वर्गाचा वारस नव्हे.

हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या बार्बरा लिस्कोव्ह यांनी, १९८७ साली एका परिषदेतील भाषणात. पुढे १९९४ मध्ये जॅनेट विंग यांच्यासह त्यांनी तिला गणिती रूप दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : जेथे जेथे मूळ वर्गाची वस्तू अपेक्षित आहे, तेथे साधित वर्गाची वस्तू ठेवली तरी वापरणाऱ्याची फसगत होता कामा नये. म्हणजे येथे वारसा हे नुसते घबाड नव्हे, ते वचन आहे. वडिलांनी जगाला जे जे कबूल केले, ते ते मुलाने पाळायचे.

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना एक उदाहरण मुद्दाम सांगते. प्रत्येक चौरस हा आयत असतो, हे आपण सातवीपासून मानत आलो. तेव्हा चौरसाचा वर्ग आयतापासून साधणे निर्दोष दिसते. पण आज्ञावलीतल्या आयताला ‘लांबी बदल’ अशी क्रिया असते आणि लांबी बदलली तरी रुंदी तीच राहील, हे त्याचे न बोललेले वचन असते. चौरसाची लांबी बदलली की एक तर रुंदीही बदलावी लागते, म्हणजे वचन मोडते. नाही तर तो चौरस राहत नाही. भूमिती खोटी ठरली काय? मुळीच नाही. भूमितीतला आयत कधी बदलत नाही, आज्ञावलीतला बदलतो, एवढाच फरक. जाती-उपजातींचे जे वृक्ष आपण फळ्यावर काढतो ते वस्तू काय आहे यावर उभे असतात. येथे प्रश्न असतो तो वस्तू काय करील याचा. मला विचाराल तर या साऱ्या विषयातला सर्वांत विचारप्रवर्तक भाग हाच आहे, आणि तो विज्ञानशाखेच्या इमारतीत कोंडून ठेवण्याजोगा नाही.

पैसे कसे जातात तेही सांगितले पाहिजे. माझी मावशी पापड लाटून विकते. तिने एका पतसंस्थेत दरमहा २०० रुपयांची आवर्त ठेव सुरू केली. दोन महिन्यांनी पासबुक भरून आणले, तर दोन ठिकाणी पंचवीस-पंचवीस रुपये वजा. ४०० रुपये भरले आणि शिल्लक ३५०. खिडकीवर उत्तर मिळाले, “कॉम्प्युटरच तसं दाखवतोय, ताई.” मावशी तडक माझ्याकडे आली.

“अगं, तू संध्याकाळी कॉम्प्युटरचंच शिकतेस ना? मग सांग मला, भरतेय मी आणि कापतंय कोण?”

पुढे त्या आज्ञावलीची देखभाल करणाऱ्या तरुणाशी बोलण्याचा योग आला, तेव्हा कापणारा सापडला. आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी बचत खात्याचा वर्ग लिहिला होता. नाव, पत्ता, वारसदाराचे नाव, व्याजाचे गणित, सगळे त्यात तयार. मग आवर्त ठेवीचा वर्ग नव्याने कशाला लिहायचा? तो बचत खात्यापासून साधला, मजकूर वाचला. तीन वर्षे सुरळीत चालले. मग संस्थेने ठराव केला, की बचत खात्यात महिनाअखेर ५०० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असेल तर २५ रुपये कापावेत. कोणीतरी बचत खात्याच्या वर्गात तेवढी भर घातली आणि ती ओळ वारशाने खाली उतरली. आवर्त ठेवीला तिची कल्पनाही नव्हती. पहिल्या महिन्याची शिल्लक २००, कापले. दुसऱ्या महिन्याची ३७५, पुन्हा कापले. तिसऱ्या महिन्यापासून शिल्लक ५००च्या वर गेली असती आणि कापणे आपोआप थांबले असते, त्यामुळे पासबुक न वाचणाऱ्या कित्येकांच्या हे लक्षातही आले नसेल. संस्थेने पैसे परत केले, हे सांगायला हवे. पण ते केले मावशीने ओळ न् ओळ वाचली म्हणून.

आवर्त ठेव हा बचत खात्याचा प्रकार नव्हता; दोघांचा थोडा मजकूर सारखा होता, एवढेच. मजकूर वाचवण्यासाठी नाते जोडले आणि नात्याबरोबर देणेही आले. मुळाला हात लावला की कोठल्या फांदीवरचे फळ गळेल याचा नेम नाही, ही वारशाची सर्वांत जुनी तक्रार आहे.

दोन मूळ वर्ग घेण्याची सोय काही भाषांत आहे. सी प्लस प्लसमध्ये ती १९८९ साली आली. धर्मशास्त्रात दोन्ही घरचा वारस होणाऱ्या दत्तकाला द्व्यामुष्यायण म्हणतात, तसाच हा प्रकार. पण दोन्ही बाप एकाच आजोबाचे मुलगे असले, तर नातवाच्या वाट्याला आजोबांचे घर एकदा येते की दोनदा? या प्रश्नावर पुष्कळ कागद खर्ची पडले आहेत. जावा भाषेने एकच मूळ वर्ग ठेवून तो मिटवला. पायथनने आजोबांपर्यंत कोणत्या क्रमाने जायचे याचा नियमच घालून दिला.

नात्यावाचून मजकूर कसा वाचवावा, यालाही उत्तर आहे. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचे आराखड्यांवरचे पुस्तक १९९४ मध्ये निघाले. वर्गाचा वारसा घेण्यापेक्षा एका वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू ठेवण्याकडे कल असावा, असा सल्ला त्यांनी दिला. शब्दकोश हा ‘देण्याजोग्या वस्तूचा’ वारस करण्याऐवजी प्रत्येक ग्रंथाकडे देवघेवीच्या नियमांचे एक वेगळे पत्रक ठेवावे. कथासंग्रहाकडे पंधरा दिवसांचे, शब्दकोशाकडे ‘येथेच बसून वाचा’चे. यादी करणारी आज्ञावली आधी पत्रकाला विचारील. इंग्रजीत या दोन नात्यांसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. आपल्या मराठीची पंचाईत अशी, की ‘ट्रक हे वाहन आहे’ आणि ‘ट्रकला इंजिन आहे’ या दोन्ही ठिकाणी ‘आहे’च येते. फरक दाखवतो तो एक ‘ला’. तेव्हा मराठीत विचार करून आज्ञावली लिहिणाऱ्याने क्रियापदाकडे नव्हे, प्रत्ययाकडे लक्ष द्यावे.

म्हणून वारसा टाकाऊ ठरला असे मात्र नाही. पडद्यावरच्या खिडक्या, बटणे, याद्या यांच्या आज्ञावलीत तो उत्तम चालतो, कारण तेथे बटण खरोखरच चित्रघटकाचा एक प्रकार असतो आणि तशीच त्याची वागणूकही असते. दुसऱ्या बाजूला २००९ साली जाहीर झालेली गो भाषा आणि २०१५ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेली रस्ट या दोघींनी वर्गांचा वारसा मुळात घेतलाच नाही. कोणत्या वस्तूने कोणते वचन पाळायचे, एवढेच तेथे सांगता येते. मजकूर कोठून आणायचा हा प्रश्न वेगळा राहतो. १९६७ साली जे दोन धागे एकत्र वळले गेले होते, ते या भाषांनी पुन्हा सुटे केले.

न्यूगोर आणि दाल यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००१ सालासाठी मिळाला. २००२च्या जूनअखेरीस दाल गेले आणि सहा आठवड्यांनी, ऑगस्टच्या १० तारखेला, न्यूगोर. त्यांचा तो पूल आज एखाद्या परीक्षकापुढे उत्तरपत्रिकेत आला, तर बहुधा गुण कापले जातील. ट्रक हा काही ‘रांगेतल्या दुव्याचा’ एक प्रकार नव्हे. ट्रक रांगेत उभा असतो, एवढेच. रांग ही वेगळी वस्तू करावी आणि ट्रक तिच्या पोटात ठेवावेत, असे आज पहिल्याच महिन्यात शिकवतात. तशी कोणत्याही वस्तूला सामावून घेणारी तयार रांग १९६७च्या भाषेत मिळत नव्हती. म्हणून पुढचा कोण, मागचा कोण हे त्यांनी ट्रकच्याच अंगी लावले, आणि जगातला पहिला वारस असा पथकर नाक्यावर उभा राहिला.